शेवंतीला दिलेला उजेड

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला त्यांच्याच शेवंतीची फुलं फोटोला घालायची, एवढी एकच गोष्ट माझ्या बायकोनं त्या वर्षी मागितली. सोनं नाही, पैठणी नाही. तीसुद्धा देवाकडं मागितली होती, माझ्याकडं नव्हे. मधे मी पडलो.

ही शेवंती डाळजची. माझ्या सासरवाडीत न्हाणीच्या सांडपाण्यावर ती पोसलेली. फूल पांढरं, रुपयाएवढं, आणि वास असा की भिगवणच्या मासळी बाजारात दिवसभर उभा राहिलेला माणूस त्या दारात आला तर अंघोळ न करता सोवळ्यात बसला असता. पुढं रस्ता रुंद झाला, त्यात घर गेलं, न्हाणी गेली. दारात जेसीबी घुमत असताना सासूबाईंनी शेवंतीचा एक गड्डा उपटून तेलाच्या डब्यात घातला आणि लेकाच्या भिगवणच्या घरी नेला. त्याच वर्षी मार्गशीर्षात त्या गेल्या. तेराव्याला बाकीच्यांनी पातळं आणि पितळी भांडी वाटून घेतली. हिनं तो डबा उचलला आणि बारामतीला आणला. डाळजला त्या जागी आता डांबर आहे. त्या शेवंतीचं सगळं गणगोत एका डब्यात येऊन थांबलं होतं.

आमचं बिऱ्हाड बारामतीत पहिल्या मजल्यावर. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत घरात डोकावते. ऊन आमच्याकडं वर्षातून एकदा येतं, तेही पत्ता चुकून. आषाढापर्यंत शेवंतीच्या काड्या लांबल्या, पिवळ्या पडल्या आणि मान टाकून बसल्या.

गच्चीवर ऊनच ऊन होतं. पण गच्चीची चावी सोसायटीच्या चेअरमनकडं. हे चेअरमन म्हणजे एक निवृत्त मास्तर आणि माझं त्यांचं बोलणं बंद. जिन्यातल्या वायरिंगवरून भर सभेत त्यांनी माझं काम गचाळ म्हटलं होतं. मी जन्माचा वायरमन. सणसरपासून भिगवणपर्यंत एक मोटर दाखवा, जी माझा आवाज ऐकून सुरू झाली नाही. मग मीही त्याच सभेत मास्तरांच्या नोकरीतली एक गोष्ट रंगवून सांगितली. त्यातलं निम्मं खरं होतं. कुठलं निम्मं, ते आता मलाही आठवत नाही. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडले आणि मास्तरांनी दुसऱ्या दिवशी गच्चीला कुलूप लावलं.

"चावी मागा की," बायको म्हणाली. "मास्तर काय खातोय व्हय तुमाला?"

मी जाणार नाही म्हणालो. मग ती स्वतः जाते म्हणाली. तू गेलीस म्हणजे मीच गेल्यासारखं, म्हणून तेही अडवलं. वर शब्द दिला, की सूर्यच या खोलीत आणून टांगतो, मास्तरांच्या गच्चीवर थुंकायलासुद्धा जायची गरज नाही.

आणि टांगला. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना रोषणाई करून देणाऱ्या दुकानातून एलईडीच्या पट्ट्या आणल्या, पाच-पाच मीटरची दोन गुंडाळी. एक पांढरी, एक लाल-निळी, कारण झाडाला लाल-निळा उजेड लागतो असं मोबाइलवर पाहिलं होतं. खुणेवर कापून तुकडे केले, कथलाचा डाग मारून तारा जोडल्या, बंद पडलेल्या कॅमेऱ्याच्या पेटीतला बारा व्होल्टचा सप्लाय लावला. पहिल्यांदा पट्ट्या नुसत्या फळीला चिकटवल्या. त्या इतक्या तापल्या की चौथ्या दिवशी डिंक सुटला आणि अख्खी पट्टी लुकलुकत बायकोच्या अंथरुणावर नागासारखी उतरली. मग भंगारातून सरकत्या खिडकीची अॅल्युमिनियमची चौकट आणली, तिच्यावर पट्ट्या आवळल्या, उष्णता चौकटीत गेली. झाडाच्या वर हातभर अंतरावर चौकट लटकवली आणि बटण दाबलं.

काय उजेड पडला म्हणता! उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी उजाडलं समजून उडाले. रस्त्यावरून जाणारे लोक शेजारच्या भिंतीवर पडलेला आमचा जांभळा उजेड बघून थांबायला लागले, आत कसला बार निघाला म्हणून. दोघांनी तर खालच्या किराणावाल्याला किती वाजता उघडतो असंही विचारलं. मी गल्लीभर, मंडईभर, एसटी स्टँडभर सांगत सुटलो. मास्तरांच्या कानावर जाईल अशा बेतानं जिन्यात तर रोजच सांगायचो.

मोबाइलवरचा पोरगा म्हणत होता की रोज काही तास दिवा बंद ठेवा. त्याला काय कळतं? मी पुण्याला जाताना एसटीच्या खिडकीतून शेवंतीची रानं पाहिली होती. अंधार पडला की सगळ्या रानात बल्ब लागतात, जत्रा भरल्यासारखे. एवढा खर्च शेतकरी उगाच करेल का? म्हणजे शेवंतीला रात्रीचाच उजेड मानवतो, हे मी धावत्या गाडीतून ओळखलं. ते बिचारे दोन-चार तास देत असतील. मी चोवीस तास दिला.

झाड बायकोच्या उशाशी होतं, कारण बाहेरच्या खोलीत टीव्ही आणि मी. ती डोळ्यांवर पदर घेऊन झोपायची. आठवड्याभरानं म्हणाली, डोकं दुखतंय, रात्रीपुरता तरी बंद करा. मी म्हणालो, आईची फुलं पाहिजेत ना, मग थोडं सोसावं लागेल. ती पदराची दुहेरी घडी डोळ्यांवर घ्यायला लागली. तिचे डोळे सुजलेले असायचे. मला वाटायचं, आईच्या आठवणीनं.

शेवंती मात्र वाढली. पानं माझ्या तळव्याएवढी, खोड बोटाएवढं, हिरवेपणा असा की म्हशीनं लांबून बघून हंबरावं. आश्विन गेला, कार्तिक गेला. मंडईत शेवंतीचे ढीग लागले. आमच्या झाडाला कळी नाही. बायको रोज सकाळी एकेक शेंडा उलटून बघायची. मी सांगायचो, खानदानी झाड आहे, वेळ घेणारच.

श्राद्धाला चार दिवस राहिले तेव्हा ती म्हणाली, विकतची फुलं आणून ठेवू. दोघं मंडईत गेलो. फुलं विकणारा शेतकरी तरणाताठा होता, स्वतःच्या रानातली शेवंती घेऊन बसलेला. गिऱ्हाईकांची गर्दी होती, मग मी गप्प कसा बसणार? माझ्या दिव्याची सगळी कथा सुरू केली. चोवीस तास म्हणालो तेव्हा त्याचा तराजू धरलेला हात थांबला.

"तात्या, रात्रीबी चालू ठेवता?"

"तुम्ही नाही का ठेवत?"

"आमी फूल येऊ नये म्हणून लावतो बल्ब," तो अगदी हळू म्हणाला. मोठ्या माणसाचा चारचौघांत अपमान होऊ नये, अशी त्याची धडपड दिसत होती. "झाड हातभर वाढेस्तवर त्याला कळी धरू द्यायची न्हाय म्हणून. मग बल्ब काढतो. लांब अंधारी रात मिळाली की कळी धरतंय ते. उजेडात शेवंती कधीच फुलायची न्हाय."

बायकोनं विचारलं, "आज बंद केला तर?"

"दीड-दोन महिनं तरी जात्यात, मावशी."

तिनं मान हलवली. त्याच्याकडनं पाव किलो पांढरी शेवंती घेतली. पिशवीत टाकण्याआधी तिनं एक फूल नाकाशी नेलं आणि लगेच खाली घेतलं. गर्दीतलं कुणी हसलं का, ते मला माहीत नाही. मी टोमॅटोंकडं बघत होतो.

घरी येऊन तिनं चप्पल काढली, आत गेली आणि भिंतीवरचं बटण बंद केलं. खोलीत एकदम दुपारचा खरा, मळका उजेड उरला. ती पलंगाच्या कडेला बसली.

"मला झोपू दिलं न्हाय ते न्हाय," ती म्हणाली. "झाडालाबी झोपू दिलं न्हाय."

मी आयुष्यात जिंकलेल्या भांडणांची यादी केली तर इंदापूर तालुक्याची मतदार यादी छोटी पडेल. त्या दिवशी मी स्टुलावर चढलो आणि चौकट खाली उतरवली. चावी फक्त दोन जिने वर होती. खाली मान घालून दार वाजवलं असतं तर मास्तरांनी फार फार तर एखादा टोमणा मारला असता. ऊन झाडाला फुकट मिळालं असतं, आणि रात्रही.

श्राद्धाला भिगवणला गेलो. तिनं डबा मांडीवर धरून नेला. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती, डाळजकडं जाणारा हायवे लागला तेव्हाही. मेहुण्याच्या दारात बायका जमल्या होत्या. झाड बघून सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. एवढी दांडगी शेवंती कुणी पाहिली नव्हती. मेहुण्यानं पानं चाळवली, वर-खाली बघितलं आणि विचारलं, "आक्के, फूल कुठंय गं? आईच्या शेवंतीला या दिवसांत पानं दिसत नव्हती, एवढी फुलं असायची."

सगळे तिच्याकडं बघत होते. मी तिच्या मागंच उभा होतो, जिन्यात, मंडईत, स्टँडवर ऐकवलेली अख्खी कथा घेऊन.

"माझ्याच हातनं पाणी ज्यादा झालं," ती म्हणाली.

मेहुणा तिला बोलला. आईची एवढी एक खूण होती, तीही तुला सांभाळता आली नाही, असं काहीसं बोलला. ती ऐकून घेत राहिली. मग तिनं विकतची फुलं पिशवीतून काढली आणि फोटोपुढं बसून ओवायला लागली. डबा मेहुण्यानं परसात नेला. तो आता इथंच राहील म्हणाला. तिनं पुढचं फूल ओवलं.

पंगत बसली. मेहुणा माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "दाजी, आज लईच गप हाय तुमी. एखादी गोष्ट तरी सांगा."

समोर ती वाढत होती. मी पान पुढं सरकवलं आणि आमटी मागितली.