बुधवारचं टपाल

कणीक मळायची माझी पितळी परात गेल्या दीड वर्षापासून माझी राहिलेली नाही. तिच्यात पोस्टाची तिकिटं भिजत पडलेली असतात. सहासष्ट वर्षांचा माझा नवरा तिच्यावर ओणवा होऊन बसतो, कोमट पाण्यात बोट बुडवून तिकीट सुटलं का ते बघतो, सुटलं की चिमट्याने उचलून जुन्या वर्तमानपत्रावर पालथं घालतो. पोळ्या कशात करायच्या म्हणून विचारलं की म्हणतो, ‘थांब ना, हे ओलं हाये.’ एकेचाळीस वर्षं मी थांबलेच आहे, म्हणा.

माझं नाव आशाबाई. अंगणवाडीत तीस वर्षं लोकांची पोरं सांभाळली, आता घरातला हा मोठा पोरगा सांभाळते. त्याचं नाव मुखरू. एटापल्लीच्या पुढे जंगलात तुमरवाही नावाचं गाव आहे, तिथल्या पोस्टात तो डाकसेवक होता. पोस्ट म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. टेबल, तराजू, एक शिक्का, एक शाईची गादी, आणि खुंटीला टपालाची थैली. पासष्ट झाल्यावर खात्याने घरी बसवलं, तसे आम्ही आरमोरीजवळच्या आमच्या मूळ गावी परत आलो.

तिकिटांचा नाद त्याला लहानपणापासूनचा. बाप वडशाच्या राइस मिलमध्ये पोती उचलायचा. मिलच्या मुनीमजीच्या टोपलीत फेकलेली पाकिटं हा वेचून आणायचा, तिकिटं सोडवायचा आणि भाताच्या शितांनी वहीत चिकटवायचा. आमच्या भागात डिंकासाठी कोण पैसे घालवणार? त्या शितांपायी निम्मी वही कसरीनं खाल्ली, तरी ह्याचा नाद सुटला नाही. नाद सुटला तो नोकरी लागली त्या दिवशी. तालुक्याच्या पोस्टमास्तरने सांगितलं, पोस्टाच्या माणसाच्या घरी तिकिटांची वही दिसली तर लोक म्हणतील, आमच्या पत्रांवरून काढली. ह्यानं वही कपाटाच्या तळाशी टाकली आणि एकेचाळीस वर्षं एका तिकिटाला हात लावला नाही. ही गोष्ट त्यानं मला, पोरीला, जावयाला, बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्या माणसाला, सगळ्यांना सांगून झाली आहे. मलाही तिचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

सेवानिवृत्तीनंतर वही बाहेर आली आणि घराची शांतता गेली. कारण ह्या माणसाला तिकिटांचं प्रेम कमी आणि तिकिटं खराब करणाऱ्यांचा राग जास्त. त्यातही सगळ्यात मोठा राग पेनाचा. तिकिटावर शिक्का मारायचा राहून गेला, तर ते पुन्हा वापरू नये म्हणून पोस्टातला माणूस त्यावर बॉलपेनने एक रेघ ओढून मोकळा होतो. तिकीट कामातून गेलं. शाई पाण्यानं निघत नाही, रेघेचा वळ कागदात राहतो. हा स्वतःच्याच नावाने पत्र टाकायचा, चांगलं तिकीट लावून, नीट शिक्का मिळावा म्हणून, आणि पत्र घरी यायचं ते ही भली मोठी रेघ अंगावर घेऊन.

असं पाचव्यांदा झालं तेव्हा तो पाकीट घेऊन गावच्या पोस्टात गेला. मी मागोमाग, कारण मला त्याच्या तोंडाचा पट्टा माहीत. खिडकीत रंजीता नावाची पोरगी बसते.

‘शिक्का हाये ना टेबलावर?’ हा ओरडला. ‘मंग पेन काऊन मारला?’

‘काका, एका तिकिटाचं काय एवढं?’

‘एका तिकिटाचं? ज्याच्या हाती शिक्का देला त्याची इमानदारी असते ते! आळशी लोकं हाये तुमी. पोस्ट बुडवून राह्यले!’

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला त्या वेळी तिची दया आली नाही, हेही सांगून टाकते. मीही त्याच्याच बाजूची होते. आम्ही दोघांनी भर पावसात नाले ओलांडून नोकरी केलेली, आणि ह्यांना पंख्याखाली बसून हात उचलवत नाही, असं मला वाटत होतं.

तेवढ्यात चंद्रपूरला तिकिटांचं प्रदर्शन भरणार असल्याचं कळलं. सोळा पानांची एक चौकट मांडायला मिळते. ह्यानं विषय ठरवला, जंगलातलं टपाल. भामरागडपासून आरमोरीपर्यंतच्या लहान लहान पोस्टांचे शिक्के गोळा केले, पंधरा पानं भरली. पहिलं पान मोकळं. तिथं त्याला तुमरवाहीचं पाकीट हवं होतं, मागच्या बाजूला पोहोचल्याचा शिक्का नीट उमटलेलं. स्वतः मारलेला शिक्का, आणि स्वतःजवळच एक नाही! मग जुन्या गावी जाऊन लोकांच्या पेट्या उघडायच्या ठरल्या. लोक ह्याला विसरले असतील पण अंगणवाडीच्या बाईला विसरणार नाहीत, म्हणून मलाही बरोबर ओढलं.

धान कापून झालं होतं. एटापल्लीपर्यंत बस, पुढे जीप. तुमरवाहीत दोन दिवस फिरलो. कुणाची पत्रं वाळवीने खाल्लेली, कुणाची चुलीत गेलेली. जी मिळाली त्यांच्या मागे शिक्का नाही. एकाच्याही नाही. मी म्हटलं, ‘अजी, तुमी मारत होते ना शिक्के?’ तर म्हणाला, ‘लोकायनं सांभाळले नाई.’ मला ते पटलं नाही, पण वाद घालायला अंगात त्राण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी नऊ किलोमीटर चालत पेंदूरटोल्याला गेलो. तिथं मंगली राहते. अंकुशची माय. अंकुश माझ्या अंगणवाडीत होता, सगळ्यांत आधी डबा रिकामा करणारा. पुढे एकोणीस वर्षांचा असताना चंद्रपूरला इमारतीच्या कामावर गेला आणि तापाने तिथंच वारला. त्याला आता सोळा वर्षं झाली. मंगलीचा नवरा पोचू अंगणात खाटेवर पडला होता. त्याला आता कमी ऐकू येतं.

मंगलीनं मला ओळखलं, लाल चहा दिला, आणि ह्याचं काम ऐकून पत्र्याचा डबा आणला. त्यात रेशनकार्ड, जमिनीचे कागद, आणि तळाशी एक पाकीट. ह्यानं ते दोन बोटांनी धरलं. पाच रुपयांचं तिकीट, आणि त्यावर आडवी निळी रेघ.

‘कोन गधा होता हा?’ हा खेकसला. ‘पाहा, पाहा! चांगल्या तिकिटाचा सत्यानाश केला हरामखोरानं!’

मग पाकीट उलटं केलं. मागे कोरं.

मंगली म्हणाली, ‘काय पाहून राह्यला, भाऊ?’

‘शिक्का पाहतो, बाई. मांगं शिक्का असला म्हंजे चिठ्ठी पोस्टात कवा पोचली ते समजते. तारीख असते त्याच्यात.’

मंगली चुलीजवळून उठून आली आणि त्याच्यासमोर बसली.

‘मंग सांग,’ ती म्हणाली. ‘हे कवा पोचली?’

‘शिक्काच नाई ना.’

‘तुले माहीत असन. तूच देली होती. बाजारात वाचून बी तूच दाखवली. अंकुश दवाखान्यात हाये, मायले घेऊन या, असं लिवलं होतं. मी तुले इचारलं, तीन तारखेची चिठ्ठी आज बारा तारखेले काऊन आली? तू म्हणाला, चंद्रपुरावरून टपालाले येळ लागते.’

ह्यानं पाकीट पुन्हा सुलटं केलं.

‘बुधवार होता,’ मंगली म्हणाली. ‘माझी धानाची रोवणी अर्धी राहली होती. पऱ्हे उपटून पडले होते, बाया सांगितल्या होत्या. म्या म्हटलं, उद्या रोवणी करून टाकतो, परवा जातो. शुक्रवारी मी दवाखान्यात पोचली. थो गुरुवारी सांजच्याले गेला होता.’ तिनं खाटेकडे बोट केलं. ‘सोळा वरसं झाले, हा मले म्हणते, तुह्या रोवणीनं पोरगा खाल्ला. पाव्हण्यायसमोर म्हणते. म्हणून म्या हे ठेवली. कोनी तरी सांगन, हे कवा पोचली. त्या एका दिसाचंच झालं का, भाऊ?’

मला टपालाबद्दल आता सांगितलंच पाहिजे. पावसाळ्यात थैली तुमरवाहीला सोमवारी आणि गुरुवारी यायची. नियमाने पत्र आलं त्याच दिवशी मागे शिक्का मारून टोल्याटोल्यावर, वस्तीवस्तीवर पोहोचवायचं. पण बुधवारी आमच्या गावचा बाजार. आजूबाजूच्या सगळ्या टोल्यांची माणसं मीठ-मिरची घ्यायला तिथं येतात. मग कशाला नाले ओलांडायचे? हा बुधवारी चिंचेखाली बसायचा, नावं पुकारायचा, पत्रं वाटायचा, वाचूनही दाखवायचा. लोकांना बरं वाटायचं, साहेबांना माहीत होतं, मलाही ते सोयीचं होतं. आणि पत्र किती दिवस पडून राहिलं ते दिसू नये म्हणून मागे शिक्का मारायचाच नाही. हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ते मला त्या अंगणात, त्या कोऱ्या पाकिटाकडे बघताना कळलं. लोकांनी शिक्के सांभाळले नाहीत, म्हणे!

तो अजून तिकिटाकडेच बघत होता. मीही वाकून बघितलं. रेघेच्या टोकाला बारीकसा आकडा होता, सहा. सहाच्या शेपटीला गाठ मारायची सवय माझ्या घरातल्या माणसाची. दूधवाल्याच्या कॅलेंडरवर मी तो सहा हजारदा बघितला आहे. कोणतं पत्र कुठल्या दिवशीचं हे आपल्यापुरतं कळावं म्हणून चंद्रपूरला शिक्का राहून गेलेल्या तिकिटावर त्यानंच रेघ ओढता ओढता तारीख टाकून ठेवली होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एका तिकिटाचा सत्यानाश झाला म्हणून परक्या पोरीला रडवणारा हा माणूस! त्या क्षणी मला वाटलं, ह्याची परात, ह्याची वही, ह्याची पंधरा पानं, सगळं नेऊन नदीत टाकावं.

‘बोला,’ मी म्हटलं. ‘तोंड शिवलं का आता?’

‘सहा तारखेले आली, मंगलीबाई,’ तो म्हणाला. ‘गुरुवार होता. माझ्या थैलीत राहली. बारा तारखेले तुले देली.’

मंगलीनं बोटांवर वार मोजले. गुरुवारपासून सुरू केलं, बुधवारपाशी थांबली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

‘टपालाले येळ लागत नव्हता,’ ती म्हणाली.

‘नाई.’

‘तुले त्याच दिवशी माहीत होतं. वाचत होता तवा.’

‘हो.’

‘मंग काऊन खोटं बोलला?’

त्यानं हात जोडले. मंगलीनं ते हात खाली पाडले, चांगले जोरात, आणि त्याच्या हातून पाकीट ओढून घेतलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. ती खाटेजवळ गेली, पोचूला दंडाला धरून बसतं केलं आणि ह्याला म्हणाली, ‘इकडे ये. मले नोको सांगू, मले समजलं. ह्याले सांग.’

हा उठून गेला. पोचूसमोर उकिडवा बसून म्हणाला, ‘चिठ्ठी माझ्यापाशी सहा दिवस पडून होती, पोचूभाऊ.’

‘आँ?’ पोचू म्हणाला.

‘सहा दिवस! माझ्या थैलीत होती!’

पोचूनं कानामागे हात धरला. कुडाच्या पलीकडे शेजारच्या बाया येऊन उभ्या राहिल्या. मंगलीनं त्यांनाही आत बोलावलं. हा माणूस तिसऱ्यांदा ओरडला, चिठ्ठी माझ्याजवळ होती, तुझ्या बायकोचा काही दोष नाही. पोचूला ऐकू गेलं असावं. तो मंगलीकडे बघत गोंडीत काहीतरी हळू बोलला.

ती माझ्याकडे वळली. ‘बाई, तुले माहीत होतं का?’

शिक्क्याचं माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकले असते, आणि ते खरंच होतं. पण थैली माझ्याच घरात खुंटीला होती. दर पावसाळ्यात, दर गुरुवारी, हा छत्री उचलायचा आणि मीच त्याला अडवायचे. माझं नाव तो घेणार नव्हता, आणि त्याचाही मला राग आला.

मी उठले, पोचूच्या खाटेपाशी गेले आणि म्हटलं, ‘मीच म्हणत होती याले. पाण्यात कुठी जाता, बुधवारी बाजार हायेच, तवा न्या.’

‘अजून मोठ्यानं,’ मंगली म्हणाली.