आभार संपेपर्यंत

भाषण वडिलांनी करायचं होतं आणि जीव माझा मेटाकुटीला आला होता. मुलुंडच्या एका कारखान्यात ते फिटर होते, निवृत्त होत होते. निरोप समारंभात सगळ्यांची भाषणं झाली की शेवटी ज्याला निरोप द्यायचा त्याने दोन शब्द बोलायचे असतात. ते दोन शब्द लिहायचे कोणी? मीच. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं काय मिळवली, घाटकोपरच्या आमच्या चाळीत कायमची वेठबिगारी पदरात पडली. हळदीकुंकवाचं प्रास्ताविक, गणपतीचं आभारप्रदर्शन, कोणाची शोकसभा, सगळ्याला एकच उत्तर, "ताईला सांगा ना, झकास लिहिते." अंधेरीच्या ऑफिसात दिवसभर टाइपरायटर बडवून यावं, तर दारात कोणीतरी कोरा कागद घेऊन उभंच.

पण हे भाषण नेहमीचं नव्हतं. त्या काळी वडिलांच्या कारखान्यात बाप निवृत्त झाला की त्याच्या मुलाला आत घेत. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, सगळं मोठ्या साहेबाच्या मर्जीवर. आणि मागायची जागाही ठरून गेलेली, हेच निरोपाचं भाषण. गळ्यात हार घातलेल्या म्हाताऱ्याला सगळ्यांदेखत नाही म्हणायला साहेबाची जीभ रेटत नसे. माझा धाकटा भाऊ आयटीआय करून घरी बसला होता. तो चिकटला की माझं लग्न. तोवर घर माझ्यावर. हे घरात कोणी तोंडाने बोलत नव्हतं, पण तिशी उलटलेल्या मुलीला ते सांगावं लागत नाही.

रविवारी दुपारी जेवणं आटोपून आम्ही लिहायला बसलो. मी पहिलंच वाक्य लिहिलं, "साहेब, आपल्याला एक विनंती आहे."

वडिलांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ते मुंबईत आयुष्य काढूनही मालवणीच बोलत. "उठल्या उठल्या हात पसरूचो? भिकारी आसय काय मी? आधी आभार. मगे काय ता."

"बाबा, लोक सुरुवातीचं ऐकतात. नंतर त्यांचं लक्ष बटाटेवड्याकडे. मुद्दा आधी घ्या."

"अगो, आभार मानल्याशिवाय मागूचा कसा?"

झालं. खात्याचे साहेब आले, त्यांच्या आधीचे साहेब आले, युनियनवाले आले, पहिल्या दिवशी ज्यांनी मशीन दाखवलं ते वारलेले मेस्त्रीही आले. रोज संध्याकाळी मी दमून घरात पाऊल टाकायचा अवकाश, वडिलांना आणखी कोणीतरी आठवलेलं असे. दवाखान्यातला कंपाउंडर. गेटवरचा वॉचमन. शेवटी कँटीनचे मामा, जे सोमवारी वडिलांचा उपास म्हणून न विसरता बटाट्याची भाजी वेगळी काढून ठेवत. विनंती खाली खाली सरकत शेवटच्या पानावर गेली. माझ्यात भांडायचं त्राण उरलं नव्हतं. मी म्हटलं, "घाला, चाळीतल्या मांजराचेही आभार घाला."

ते हसले नाहीत. म्हणाले, "मांजरान काय केल्यान आमच्यासाठी?"

निरोपाच्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. कँटीनमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. भाऊ कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसला, हाताच्या घामाने त्याचा रुमाल पार भिजला होता. आधी बोलणाऱ्यांनी जीव खाल्ला. एकाने तर वडिलांच्या निमित्ताने स्वतःचंच चरित्र सांगितलं. मग शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, आणि एकदाचे वडील उठले. वाचत होते छान. पुढच्या खुर्चीत मोठा साहेबही मान डोलवत होता. मला वाटलं, आज जमतंय, देवा.

तेवढ्यात शिपायाने येऊन साहेबाच्या कानात काहीतरी सांगितलं. साहेब उठला. वडिलांना हात जोडले आणि "चालू द्या, चालू द्या" म्हणत दाराकडे निघाला.

मी खुर्चीतून अर्धी उठले आणि हाताने खुणावलं, पान उलटा, शेवटचं घ्या! वडिलांनी मला पाहिलं. साहेबालाही पाहिलं. त्या वेळी ते मामांवर आले होते, आणि मामा मागे चहाची किटली घेऊन कान देऊन उभे होते. एवढ्या वर्षांत त्यांचं नाव कोणी माइकवरून घेतलं नसेल. वडिलांनी मामांचा परिच्छेद सावकाश, उपासाच्या भाजीसकट, पुरा वाचला. मामांनी किटली खाली ठेवून डोळे पुसले. साहेब दाराबाहेर गेला होता.

मग वडिलांनी पान उलटलं. मला वाटलं, आता गाळतील. नाही गाळलं. "साहेब, आपल्याला एक विनंती आहे," त्यांनी रिकाम्या खुर्चीला सांगितलं, आणि सगळं शेवटपर्यंत वाचलं. माझा भाऊ बुटांकडे बघत बसला. टाळ्या मात्र जरा जास्तच झाल्या.

कंपनीच्या जीपने वडिलांना चाळीपर्यंत आणलं, बायकांनी ओवाळलं. सगळे गेल्यावर ते खाटेवर टेकले आणि हार काढत म्हणाले, "तू सांगत होतंस ताच बरोबर होता, गो."

मला रडू आलं. मला बरोबर ठरायचं नव्हतं, मला लग्न करायचं होतं. ते त्यांना कसं सांगणार? मी म्हटलं, "चहा टाकते."

नंतर अर्ज केला, त्याला उत्तर आलं नाही. मी रोजची अंधेरीची बस धरत राहिले. काही दिवसांनी शेजारच्या काकू दारात आल्या, हातात कोरा कागद. त्यांच्या मुलीचं ठरलं होतं. माझ्यापेक्षा बरीच लहान मुलगी, माझ्याच हातचे निबंध पाठ करून पास झालेली. मंगलाष्टकं लिहून हवी होती.

"नावं कोणाकोणाची घालू?" मी विचारलं.

"सगळ्यांची घाल गं," काकू म्हणाल्या. "कोणी राहायला नको."

खाटेवरून वडिलांनी मान हलवली. मी पेन उघडलं आणि म्हटलं, सांगा.