तव्याजवळचा पेला

कळंब्याच्या रस्त्यावर एक खानावळ आहे, तिथं मी नऊ वर्षं भाकरी करते. पहिली सात वर्षं माझा तवा आत, मोरीशेजारी होता. मी, परात आणि समोर भिंत. दिवसाला शंभर-सव्वाशे भाकरी थापायची, पण कुणाशी बोलावं लागत नसे. माणसांसमोर माझ्या छातीत धडधडतं, ते लहानपणापासूनच. शाळेत हजेरीला 'हजर' म्हणतानासुद्धा आवाज फुटत नसे. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं.

मग खानावळ नवी केली. मालकीणबाईंना आम्ही वैनी म्हणतो. गिऱ्हाइकाला डोळ्यांसमोर थापलेली भाकरी आवडते, असं त्यांनी कुठंतरी बघितलं आणि माझा तवा दारात आणून मांडला. वर मोठा दिवा लावला. पुण्या-मुंबईचे लोक जेवायला यायचे आणि मोबाईल माझ्या हातावर धरायचे. "मावशी, इकडं बघा ना." माझी छाती उडायची, घाम फुटायचा, भाकरी परातीतच फाटायची. आत्ता इथंच जीव जाणार असं वाटायचं. दोनदा मी उठून मोरीत जाऊन बसले.

"अगं, तुला काय वाघ खातोय व्हय?" वैनी ओरडल्या.

मला सांगता आलं नाही. काम सोडायचं तर नव्या घरांच्या बेल वाजवत काम मागत फिरावं लागणार. ते माझ्यानं झालं नसतं. हे काम गेलं तर मी घरातच बसले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्या थंडीत मला सर्दी झाली. नवऱ्यानं त्याच्या बाटलीतली थोडी देशी कोमट पाण्यातून दिली. दुसऱ्या दिवशी उरलेली मी सकाळी घेतली आणि तव्यावर बसले. छाती उडाली नाही. कुणीतरी फोटो काढला, भाकरी फाटली नाही. मला वाटलं, औषध सापडलं.

पुढं मी स्वतः आणायला लागले. ओळखीचं कुणी नको म्हणून बस धरून इचलकरंजीच्या रस्त्याला उतरायची. गिऱ्हाइकाकडं बघायला घाबरणारी मी, तिथं पुरुषांच्या रांगेत तोंडाला पदर लावून उभी राहायची. दुकानदार विचारायचा, "कुणाला ओ मावशी?" मी म्हणायची, "मालकास्नी." नवरा बिचारा शनिवारी तेवढी घ्यायचा.

ती देशी दिसायला पाण्यासारखी असते आणि वास संत्र्याच्या गोळीचा. मी स्टीलच्या पेल्यात ओतून तव्याजवळ ठेवायची. तोंडात लवंग. आधी सकाळी एकदा पुरायचं, मग दुपारी लागायला लागलं. नंतर नंतर तर उठल्या उठल्याच छाती धडधडायची, समोर कुणी नसतानाही. म्हणजे जी धडधड घालवायला मी घेत होते, ती आता घरीही यायला लागली होती.

एका रविवारी गर्दी फार होती. तव्यावर भाकरी टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा असतो. माझं पाण्याचं भांडं डावीकडं आणि पेला उजवीकडं. घाईत मी पेल्यात बोटं बुडवली. एकदा नाही, लागोपाठ चार-पाच भाकरींना. वाफेबरोबर वास वर आला, तरी माझ्या नाकाला कळलं नाही. नाकाला सवय झाली होती.

कळलं ते एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला. त्यानं भाकरी नाकाला लावली. "वैनी, हे काय ओ? भाकरी हाय का संत्र्याची गोळी?"

सगळे हसले. वैनी हसल्या नाहीत. त्या आल्या, पेला उचलून हुंगला आणि म्हणाल्या, "ऊठ तिथनं."

आत नेऊन त्यांनी विचारलं, "कवापासनं?"

"सर्दी झालती तवापासनं."

"त्याला वरीस झालं की गं!" त्या पाटावर बसल्या. मग म्हणाल्या, "सरकारी दवाखान्यात जा. कागद आण. कागद दाखवल्याबिगर परातीला हात लावायचा न्हाई."

दवाखान्यात रांगेतून मी दोनदा बाहेर आले, तिसऱ्यांदा नंबर लागला. डॉक्टरीणबाईंनी आधी दारूचं नाही, धडधडीचं विचारलं. कधी होते, किती वेळ राहते, तेव्हा काय वाटतं. हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, लाजाळूपणा वेगळा. दारू एकदम तोडायची नाही, अंगावर येते, असंही सांगितलं. गोळ्या दिल्या, आठवड्याला यायला सांगितलं. तिथल्या एका ताईंनी श्वास हळू सोडायला शिकवलं. मंगळवारी त्यांच्याकडं आमच्यासारख्या बायका बसतात. मी पाच मंगळवार नुसती बसून होते. ताई म्हणाल्या, तोंडानं येत नसेल तर घरी लिहा. म्हणून ही वही.

मध्ये एकदा मी परत घेतली. ते ताईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पुढच्या मंगळवारची वेळ सांगितली.

कागद घेऊन वैनींकडं गेले तेव्हा काय बोलायचं ते वहीत लिहून पाठ केलं होतं. तरी एवढंच बाहेर आलं, "वैनी, मला पुढं बसवू नगा. मला भ्या वाटतंय माणसांचं."

"मग हे आदी सांगायला काय झालतं?"

"तेचंच भ्या वाटत हुतं."

वैनींनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी त्यांनी आत एक तवा मांडला आणि पुढं एक बोलकी बाई आणली. तिला फोटो आवडतात.

परवा ती आली नाही आणि वैनींनी मला पुढं बसायला विचारलं. विचारलं, सांगितलं नाही. मी बसले. वीसेक भाकरी झाल्या. मग एकानं मोबाईल तोंडाजवळ आणला आणि छातीत धडधड सुरू झाली. मी श्वास सोडून बघितला, कमी झाली नाही. तेव्हा मी हात धुतले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वैनी, मी आत जातो."

"जा," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून माझ्या जागी बसल्या. त्या दिवशी दुपारपर्यंत पुढच्या भाकरी जरा जाडच झाल्या.