खुर्चीवरची खाजकुइली

नामांतराच्या दंगलीनंतरचा दुसरा हिवाळा असेल. आमच्या गावच्या शाळेत आम्ही दोघीच बाया शिकवायला होतो. मी गावातल्या शेतकऱ्याची सून. दुसऱ्या बाई पालमहून रोज एसटीनं यायच्या, बौद्ध समाजाच्या. मधल्या सुट्टीत आम्ही डबा एकत्र खायचो. घरी मात्र मी हे कधी सांगितलं नाही.

एकदा माझे धाकटे दीर दाखला न्यायला शाळेत आले. बाई हजेरी लिहीत होत्या, खुर्चीतून उठल्या नाहीत. घरी येऊन दीर म्हणाले, "लय माज आलाय तिला खुर्चीचा."

चार दिवसांनी सकाळीच ते ओढ्याकडून आले. हाताला गोणपाट गुंडाळलेलं, त्यात खाजकुइलीच्या वाळलेल्या शेंगा. त्यांच्यावरची तपकिरी लव अंगाला लागली, की कातडं सोलून काढावंसं वाटतं.

"कशाला ओ भाऊजी?"

"उंदराच्या बिळात घालायला."

मला कळलं होतं. तरी मी भाकरी थापत राहिले.

शाळा भरली आणि जरा वेळानं पहिलीच्या वर्गातून किंकाळी आली. मी धावले. खुर्चीवर तपकिरी लव पसरलेली, बाई भिंतीला पाठ घासत होत्या. मान, दंड लालभडक, गांधी उठलेल्या. पोरं आधी हसली, मग घाबरून रडायला लागली. हेडमास्तरांनी पाणी ओतायला लावलं, तर आग आणखीच वाढली.

"शेण लावलं की उतरतं," म्हणत मी अंगणातलं शेण उचलायला वाकले.

"शेण नको, बाई," त्या मागं सरत म्हणाल्या. "दुसरं काय बी लावा. शेण न्हाई."

मी घरून वाटीभर तेल घेतलं. कुणासाठी ते ऐकल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वाटी तिकडंच ठिवून ये."

तेल लावताना बाईंनी विचारलं, "कुणी केलं असंल ओ?"

"काय माहीत," मी म्हणाले.

दुपारच्या गाडीत त्यांना टेकून बसवेना. दांडा धरून उभ्यानंच गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. बदली झाली म्हणे. कुठं, ते कुणी सांगितलं नाही. दिराला कुणी काही विचारलं नाही. पहिलीचा वर्ग माझ्याकडे आला आणि बौद्धवाड्यातल्या पोरी एकेक करून यायच्या थांबल्या. मी बोलवायला गेले. एकीची आई दारातूनच म्हणाली, "तुमी कशाला आलात बाई? आता तिथं आमच्या पोरींचं कोण हाय?"

तशीच परत आले.