परत आलेला डबा

काल कामाला येणाऱ्या सुमनताईंना डब्यातून थोडा पुलाव दिला होता. आज त्यांनी डबा परत आणला. उघडला तर आत चमचाभर साखर.

"अहो, साखर कशाला?"

"रिकामा डबा कसा द्यायचा, ताई?" म्हणत त्या भांडी घासायला बसल्या.

डबा ठेवायला मी कपाट उघडलं. तिथे शेजाऱ्यांचे तीन डबे कधीचे पडून आहेत. त्यांत घालून देण्याजोगं घरात काही नाही, असं मला दर वेळी वाटतं. मग सुमनताईंकडे असं काय आहे, जे माझ्याकडे नाही? की माझ्याकडेच काही जास्त झालंय?

त्यांची साखर ओतायला बरणी उघडली, तर तिच्यात जागाच नव्हती.