कल्ले बघणारी नजर

आमची सून क्रांती आगरदांडा गावची आरोग्यसेविका, आशाताई. घरोघरी फिरून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तब्येती बघते. मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही, बायकोला विचारा.

शिमग्यापासून घरात वस्तू सापडेनाशा झाल्या. चावी तांदळाच्या डब्यात, चष्मा कोंबड्यांच्या खुराड्यात. मी सगळं बायकोवर, मनुबाईवर ढकलून मोकळा. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून चिडवायचो, पण मनातून घाबरलो होतो. चाळीस वर्षं मासळी विकलेली बाई उद्या घरची वाट विसरली तर?

त्याच सुमारास मुंबईच्या एका डॉक्टरने क्रांतीला म्हाताऱ्यांची आठवण तपासायला एक टॅबलेट दिला. महागडं यंत्र नाही. त्यातला साधा कॅमेरा नजर कुठे जाते ते टिपतो. पडद्यावर दोन चित्रं येतात, एक आधी दाखवलेलं, एक नवं. आठवण शाबूत असली की नजर नव्याकडे ओढली जाते म्हणे. मनुबाई बसली, तर तिची नजर आधी दाखवलेल्या पापलेटाच्या चित्रावरच खिळून राहिली. शेजारी बसलेला डॉक्टर गंभीर झाला.

क्रांती मात्र त्यालाच म्हणाली, “डॉक्टर, आईंना चित्र आठवतंय. त्या कल्ले बघतायत, मासा ताजा हाय का ते!”

“शिळा हाय,” मनुबाई म्हणाली. “फुकट दिला तरी घेनार न्हाय.”

क्रांतीने माशांची चित्रं काढायलाच लावली. छत्री, घड्याळ, सायकल आली, आणि मनुबाईची नजर दरवेळी नव्याकडे! मी पेढे आणायला उठलो.

“बाबा, आता तुमी बसा,” क्रांती म्हणाली. हसत हसत बसलो.

माझी नजर दोन्ही चित्रांवर सारखीच फिरली. आठवड्याने पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. दुसरी एखादी सून सासऱ्याला सांगायला कचरली असती. हिने माझा हात धरला.

“बाबा, एवढ्यावरनं नक्की न्हाय सांगता येत. पन मोठ्या डॉक्टरांना दाखवू. येळेवर कळलंय.”

म्हणजे तांदळाच्या डब्यात चावी मीच टाकत होतो. मनुबाईची माफी मागितली. तिने अजून पुरती दिलेली नाही.

उद्या तपासणीला जायचंय, म्हणून आजच लिहून ठेवतो. पुढेमागे ‘ही कोण’ असं मी क्रांतीकडे बघून विचारलं, तर मला हे वाचून दाखवा. सांगा, ही तुमची सून, आणि तुम्हाला हिचा फार अभिमान आहे.