हळदीच्या दिवशी आलेलं खोकं

थर्मोकोलचा वास आला की धाकट्या बहिणीच्या हळदीची दुपार आठवते. लग्नाच्या फोटोंसाठी मी शहापूरच्या सायबर कॅफेतून एका अनोळखी वेबसाइटवर कॅमेरा मागवला होता. नंतर त्यांचा फोन कुणी उचलेनाच. आणि आता पोस्टमन खोकं घेऊन मांडवात उभा होता. "पैसे दिल्याबिगर खोलता नाय येनार, ताई." "नि आत वीट निंगाली तं?" बाबांनी विचारलं. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. परत पाठवावं तर उद्याच लग्न, घ्यावं तर भात विकून आलेले बाबांचे पैसे पणाला. हळदीने माखलेली बहीण म्हणाली, "घे गो ताय, होईल ते होईल." पैसे देऊन मी टेप फाडली. थर्मोकोलमधून कॅमेराच निघाला! माझ्याआधी पोस्टमननेच सुस्कारा सोडला. आजही अल्बम उघडला की पहिल्या पानावर नवरी नाही, घाम पुसत हसणारा तोच दिसतो.